रेबीज प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय पथक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न लसीकरण शिबिरांत, ग्रामसभांत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांत सतत कानावर पडतात. उत्तरे लिहिताना मुख्यतः पशुधन विकास अधिकारी, पशुधन पर्यवेक्षक, नगरपालिकांचे कर्मचारी आणि खाजगी पशुवैद्यक डोळ्यांसमोर आहेत. तथापि श्वानपालक, पशुपालक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनाही ती उपयोगी पडावीत. ज्याला कुत्रा नुकताच चावला आहे त्याने मात्र वाचत न बसता जखम धुवावी आणि थेट रुग्णालय गाठावे.

माणसे दगावतात ती रेबीजने, तर मग त्यासाठी पशुवैद्यकीय यंत्रणेने एवढी धावपळ का करावी?

माणसाला हा रोग बहुतांशी कुत्र्याच्या चाव्यातून होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणसांतील ९९ टक्क्यांपर्यंत रेबीजचे मूळ कुत्र्यांत असते. जगभरात वर्षाला अंदाजे ५९ हजार लोक या रोगाने मरतात आणि त्यांत पंधरा वर्षांखालील मुलांचे प्रमाण सुमारे ४० टक्के आहे. भारतातील मृत्यूंचा आकडा अनेक वर्षे १८ ते २० हजार असा सांगितला जात असे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी सर्वेक्षणाने तो ५,७२६ च्या आसपास असल्याचे अनुमान काढले आहे. त्याच सर्वेक्षणानुसार देशात वर्षाला सुमारे ९१ लाख लोकांना प्राणी चावतात. म्हणजे मृत्यू पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी असले, तरी रुग्णालयाच्या दारातली रांग अजून मोठीच आहे.

चावल्यानंतर माणसाला लस दिली की त्या एका माणसाचा जीव वाचतो. कुत्र्यांमध्ये फिरणारा विषाणू मात्र जागच्या जागी राहतो आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कोणाच्या तरी पायाला दात लागतात. ही साखळी तोडण्याचे काम माणसांचा दवाखाना करू शकत नाही. ते कुत्र्यांपाशीच करावे लागते, आणि कुत्र्यांपर्यंत पोहोचणारी यंत्रणा पशुवैद्यकांचीच आहे. केंद्र सरकारने २८ सप्टेंबर २०२१ रोजी, जागतिक रेबीज दिनी, २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात आरोग्य आणि पशुसंवर्धन ही दोन्ही खाती बरोबरीने जबाबदार धरली आहेत.

सत्तर टक्के कुत्र्यांना लस द्यावी असे सर्वत्र सांगतात. शंभर टक्के का नाही, आणि पन्नास का चालत नाहीत?

रेबीज हा प्राणघातक असला, तरी कुत्र्यांमध्ये तो फारसा वेगाने पसरणारा रोग नाही. एक पिसाळलेला कुत्रा मरेपर्यंत सरासरी दोनपेक्षा कमी कुत्र्यांना रोग देतो. त्यामुळे सगळ्याच कुत्र्यांना लस टोचण्याची गरज नसते. पुरेशा कुत्र्यांना टोचली तरी साखळी तुटते. गणिताने पाहिले तर सत्तर टक्क्यांहून कमी प्रमाणही पुरेसे ठरते. अडचण अशी की मोहीम संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे प्रमाण घसरू लागते. काही कुत्रे मरतात, नवी पिल्ले जन्मतात, बाहेरून कुत्रे येतात. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे असल्यामुळे ही उलथापालथ झपाट्याने होते. मोहिमेच्या वेळी ७० टक्के गाठले, तर पुढची मोहीम येईपर्यंत प्रमाण धोक्याच्या रेषेखाली जात नाही. पन्नासावर थांबलो, तर पावसाळा संपेपर्यंत बांध फुटलेला असतो.

यात एक गोम आहे. तालुक्याची सरासरी ७५ टक्के असली आणि एखाद्या वाडीत केवळ २० टक्के कुत्र्यांना लस मिळालेली असली, तर विषाणू त्या वाडीत तग धरतो आणि तिथून पुन्हा पसरतो. म्हणून अहवालात तालुक्याचा एकच आकडा लिहून समाधान मानू नये. प्रभागवार, वाडीवार आकडे मांडावेत. सरासरी हा आकडा फार लबाड असतो.

गोव्यात रेबीज आटोक्यात आला असे ऐकतो. तिथे नेमके काय केले?

गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी २०१४ च्या सुमारास मिळून काम सुरू केले. राज्यभर कुत्र्यांचे लसीकरण, शाळांतून शिक्षण आणि संशयित कुत्र्यांवर पाळत अशा तीन अंगांनी ते चालले. गावोगावी, घरोघरी जाऊन पाळीव कुत्र्यांना हातात धरून लस दिली गेली आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळ्याने पकडून, टोचून, खूण करून तिथेच सोडले गेले. प्रत्येक पथकाला नकाशावर आखून दिलेला भाग मोबाईल ॲपवर दिसत असे आणि प्रत्येक कुत्र्याची नोंद जागेसह होत असे. पथक गेल्यानंतर दुसरे पथक त्याच भागात फिरून खूण असलेले आणि नसलेले कुत्रे मोजत असे. प्रमाण कमी भरले, तर त्या भागात पुन्हा पथक जाई.

पुढे वर्षाला एक लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस मिळू लागली. कुत्र्यांमधील रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे या कामावरील शास्त्रीय निबंधात नोंदले आहे. २०१४ साली राज्यात रेबीजने माणसे दगावत होती. सप्टेंबर २०१७ नंतर मृत्यूंची नोंद थांबली आणि जून २०२१ मध्ये सरकारने गोवा हे रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केले. ‘नियंत्रित’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. रोग समूळ गेला असे त्यातून सुचवलेले नाही. सिंधुदुर्ग, बेळगाव आणि उत्तर कन्नड हे शेजारी असताना कुत्र्याला सीमेवरचा तपासणी नाका अडवू शकत नाही, त्यामुळे लसीकरण दरवर्षी चालूच ठेवावे लागते.

गोवा लहान राज्य आहे. महाराष्ट्रात असे काही शक्य आहे का?

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एका लहान जिल्ह्याएवढे आहे. महाराष्ट्रात २०१९ च्या पशुगणनेनुसार भटकी कुत्रीच सुमारे १२ लाख ७६ हजार होती. संपूर्ण राज्य एका दमात होणार नाही हे उघड आहे. पण जिल्हा हा घटक धरला, तर गोव्याची पद्धत जशीच्या तशी उतरवता येते. एका जिल्ह्यात नीट काम करून मग शेजारचा जिल्हा जोडत जाणे, हे दहा जिल्ह्यांत थोडी थोडी लस वाटण्यापेक्षा हजारपट बरे. लसीचा साठा सर्व तालुक्यांना समान वाटून देण्याची आपली सवय कागदावर न्याय्य दिसते, परंतु त्यामुळे कुठेच ७० टक्के गाठले जात नाहीत.

गावपातळीवर मोहीम कशी आखावी?

आधी मोजणी करावी. पाळीव कुत्र्यांची यादी आशा सेविका आणि ग्रामपंचायत शिपाई यांच्या मदतीने दोन दिवसांत होते. मोकाट कुत्र्यांसाठी पहाटे एकदा सगळ्या गल्ल्यांतून फेरी मारून डोकी मोजावीत. बाजारतळ, चिकन-मटणाची दुकाने, एसटी स्थानक, कचरा टाकण्याची जागा, वीटभट्टी आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्यांचे तळ हमखास पाहावेत. मेंढपाळांच्या कळपांबरोबर फिरणारे कुत्रे कोणत्याच गावाच्या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी धनगरवाड्यावर वेगळा दिवस ठेवावा आणि कळप स्थलांतराला निघण्यापूर्वी तो उरकावा.

चावडीसमोर टेबल मांडून ‘कुत्रे घेऊन या’ अशी दवंडी दिली, तर साखळीला बांधलेले आणि अंगावर घेता येणारे कुत्रे येतात. ज्यांच्यामुळे गावाला खरा धोका असतो ते येत नाहीत. म्हणून सकाळी लवकर घरोघर फेरी, त्यानंतर जाळे घेतलेले पथक, असा क्रम ठेवावा. दहा वाजल्यानंतर उन्हे चढली की कुत्री ओढ्यात, मोरीत आणि उभ्या ट्रकखाली जाऊन बसतात आणि पथक नुसते फिरत राहते.

लस दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर किंवा पाठीवर बिनविषारी रंगाची ठळक खूण करावी. दुसऱ्या दिवशी ज्याने लस टोचलेली नाही अशा कर्मचाऱ्याने फेरी मारून मोजावे. ५० कुत्री दिसली आणि त्यांतील ३५ जणांना खूण असली, तर ७० टक्के झाले. २५ जणांनाच असली, तर जाळी परत गाडीत चढवावीत. या मोजणीला एक सकाळ लागते आणि कंटाळा येतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ती गाळली जाते. पण तिच्यावाचून झालेले लसीकरण म्हणजे किती कुप्या संपल्या एवढाच हिशेब उरतो.

लस साठवताना आणि टोचताना कोणती काळजी घ्यावी?

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी. ती गोठू देऊ नये. बर्फाच्या कप्प्यात ठेवलेली कुपी वितळल्यावर दिसायला ठीक दिसते, पण भरवशाची राहत नाही. फ्रिजच्या दारातल्या कप्प्यातही ठेवू नये, कारण दार उघडझाक होताना तिथले तापमान सर्वांत जास्त हलते. शिबिराला नेताना शीतपेटीतील बर्फाची पाकिटे आणि कुप्या यांच्यामध्ये कागद किंवा पुठ्ठा घालावा. वीज गेल्याची वेळ आणि तापमानाची नोंद भिंतीवरच्या तक्त्यावर रोज दोनदा व्हावी. प्रत्येक कुत्र्याला वेगळी सुई वापरावी आणि उघडलेली कुपी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीतच संपवावी.

पिल्लांना, गाभण कुत्रीला किंवा अशक्त कुत्र्याला लस द्यावी का?

घरच्या पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, एका वर्षाने पुन्हा आणि त्यानंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी, हा आपल्याकडे रुळलेला क्रम आहे. सामूहिक मोहिमेत मात्र तीन महिन्यांखालील पिल्लेही सोडू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रस्त्यावरचे पिल्लू पुढच्या वर्षी पुन्हा हाती लागेल याची खात्री नसते, आणि मुले सर्वांत जास्त खेळतात ती पिल्लांशीच. गाभण कुत्रीला मोहिमेत मृत विषाणूची लस देता येते. तिला धरताना मात्र धसमुसळेपणा करू नये. खरोखर आजारी, तापलेल्या पाळीव कुत्र्याला बरे झाल्यावर बोलवावे. भटका कुत्रा नुसताच हाडकुळा असेल, तर त्याला वगळण्याचे कारण नाही.

भटकी कुत्री मारली किंवा गावाबाहेर नेऊन सोडली, तर प्रश्न लवकर सुटणार नाही का?

नाही, आणि तसे करणे कायद्यानेही चालत नाही. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर १९९७ मध्ये रेबीज शिरल्यावर मोठ्या प्रमाणावर कुत्री मारण्यात आली, तरीही रोग तिथे ठाण मांडून बसला. कुत्री मारली की रिकाम्या जागेत आजूबाजूची, लस न दिलेली कुत्री येतात. शिवाय मारणाऱ्यांच्या हाती आधी सापडतात ती माणसाळलेली, म्हणजे बहुधा लस दिलेलीच कुत्री. लोक आपापली कुत्री लपवतात किंवा दुसऱ्या गावी पाठवतात आणि त्यांच्याबरोबर कधीकधी विषाणूही प्रवास करतो. गावाबाहेर सोडलेल्या कुत्र्यांमुळे रोग फक्त पत्ता बदलतो.

निर्बीजीकरण केले म्हणजे रेबीजची काळजी मिटली का?

निर्बीजीकरणाने संख्या हळूहळू आटोक्यात येते, माजाच्या दिवसांतली भांडणे घटतात आणि पिल्लांची भर थांबते, त्यामुळे लसीकरणाचा टक्का टिकायला मदत होते. पण शस्त्रक्रिया केलेल्या कुत्र्यालाही रेबीज होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला एकदा लस दिली जाते आणि कानाला खाच मारली जाते. दोन वर्षांनी तीच खाच पाहून पथक पुढे निघून जाते, कारण ‘याचे झाले आहे’ असा समज असतो. कानाची खाच शस्त्रक्रिया झाल्याचे सांगते. लस चालू आहे असे ती सांगत नाही. खाच असलेल्या कुत्र्यालाही दरवर्षी टोचावेच.

प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार हा कार्यक्रम राबवण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण व लसीकरण केलेली कुत्री मूळ जागी सोडण्यास मुभा दिली, मात्र रेबीज झालेल्या, तसा संशय असलेल्या आणि आक्रमक कुत्र्यांना ती दिली नाही. शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांबाबत ७ नोव्हेंबर २०२५ ला वेगळा आदेश झाला. पथकाने काम सुरू करण्यापूर्वी नगरपालिकेकडून ताजी सूचना लेखी घ्यावी.

कुत्रा पिसाळला हे कसे ओळखावे? तो पाण्याला घाबरतो का?

पाण्याची भीती हे माणसातले लक्षण आहे. पिसाळलेला कुत्रा पाणी पाहून पळत नाही. तो ओढाही ओलांडतो. घशाच्या स्नायूंना लकवा झाल्यामुळे त्याला गिळता येत नाही, एवढेच.

सुरुवातीचे लक्षण म्हणजे स्वभावातील बदल. शांत कुत्रा अकारण चावरा होतो किंवा चावरा कुत्रा एकाएकी अंगलट येऊ लागतो. मग भुंकण्याचा आवाज बदलून घोगरा, लांबट होतो. माती, लाकूड, चिंध्या असे काहीही तो चावतो, दिशाहीन पळत सुटतो आणि वाटेत येईल त्याला चावतो. दुसऱ्या प्रकारात यांतले काहीच घडत नाही. कुत्रा अंधाऱ्या कोपऱ्यात पडून राहतो, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळत राहते. घशात हाड अडकले असावे असे वाटून मालक बोटे घालून पाहतो. हा शांत प्रकार अधिक फसवा, कारण त्याला कोणी पिसाळलेला म्हणत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर बहुतेक कुत्री दहा दिवसांच्या आत मरतात.

संशयित कुत्र्याची वर्दी मिळाली, तर जमावाला आधी पांगवावे. लाठ्या घेऊन मागे लागलेले दहा जण त्या कुत्र्याला आणखी चार गल्ल्यांतून पळवतात.

गाय, म्हैस किंवा बैल यांना रेबीज झाला तर काय दिसते?

या प्रश्नाकडे गावातल्या पथकाने विशेष लक्ष द्यावे, कारण इथे धोका खुद्द पथकाला आणि पशुपालकाच्या कुटुंबाला असतो. दवाखान्यात वर्दी येते ती बहुधा दोन प्रकारची. ‘म्हशीच्या घशात काहीतरी अडकले आहे, लाळ गाळते आहे, चारा खात नाही,’ ही एक. ‘गाय सारखी हंबरते, कुंथते, शेपूट वर करते, माजावर आलेली दिसते,’ ही दुसरी. पहिल्या वर्दीत मालकाने आणि शेजाऱ्याने आधीच कोपरापर्यंत हात तोंडात घालून आंब्याची कोय किंवा कणीस शोधलेले असते. दुसऱ्या वर्दीत कृत्रिम रेतनाची मागणी असते.

या दोन्ही वेळी गोठ्यात शिरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : गेल्या दोन-तीन महिन्यांत कुत्रा, कोल्हा किंवा मुंगूस चावल्याचे कोणी पाहिले होते का? उत्तर ‘नाही’ आले तरी निश्चिंत होऊ नये, कारण रात्रीच्या वेळी रानात बांधलेल्या जनावराचे कोणी पाहिलेले नसते. रेबीज नाही याची खात्री पटेपर्यंत उघडा हात तोंडात घालू नये. हातमोजे, चष्मा आणि एप्रन घालून, जनावर नीट जखडूनच तपासावे. आवाज घोगरा होत जाणे, मागचे पाय लटपटणे, नजर भिरभिरणे, दावे किंवा गव्हाण चावणे आणि दोन-चार दिवसांत बसकण मारणे असा क्रम दिसला, तर रेबीज गृहीत धरावा. जनावर वेगळे बांधावे, मुलांना दूर ठेवावे आणि लाळेशी संबंध आलेल्या सर्वांची नावे लिहून घ्यावीत. ही यादी त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राकडे गेली पाहिजे.

लक्षणे दिसल्यावर उपचार नाही. मात्र चावल्याचे वेळीच कळले, तर जखम साबण आणि भरपूर पाण्याने धुऊन जनावराला ०, ३, ७, १४ आणि २८ या दिवशी लस देण्याची पद्धत आपल्याकडे आहे. पहिला डोस जितका लवकर, तितका बरा. दवाखान्यापर्यंत जनावर आणणे शक्य नसेल, तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची मदत मागता येते.

पिसाळलेल्या म्हशीचे दूध गावभर गेले आहे. आता काय करावे?

अशा बातमीने गावात घबराट उडते आणि शंभर-दोनशे माणसे एकाच दिवशी आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहतात. उकळलेल्या किंवा पाश्चराइज केलेल्या दुधातून रेबीज होत नाही, कारण विषाणू उष्णतेने नष्ट होतो. चहातून, दह्यातून, तेराव्याच्या जेवणातल्या ताकातून रोग झाल्याचे उदाहरण नाही. कच्चे दूध प्यायलेल्यांनी, विशेषतः तोंडात जखम असलेल्यांनी, डॉक्टरांशी बोलावे. ज्याने त्या म्हशीला औषध पाजले, तोंडात हात घातला किंवा जखमी हाताने लाळ पुसली, त्याला खरा धोका आहे. पथकाने या दोन गटांत फरक करून दिला, तर मर्यादित लस योग्य माणसांना मिळते. संशयित जनावराचे दूध विकू किंवा पिऊ नये हे तर सांगावेच.

चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचे, म्हणजे तोपर्यंत लस घ्यायची नाही का?

हा गैरसमज जीवघेणा आहे. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची आणि त्याच वेळी कुत्र्यावर नजर ठेवायची. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत लक्षणांच्या काही दिवस आधीपासून विषाणू येतो आणि पुढे तो कुत्रा लवकरच मरतो. म्हणून चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते. हा नियम कुत्रा आणि मांजर यांच्यापुरताच आहे. माकड, मुंगूस, कोल्हा यांना तो लागू नाही.

निरीक्षणाची जबाबदारी पथकाने घ्यावी. ‘बघा, मेला तर सांगा’ असे मालकाला सांगून निघू नये. पहिल्या, पाचव्या आणि दहाव्या दिवशी फोन करावा, शक्य तर जाऊन पाहावे आणि निष्कर्ष उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावा. कुत्र्याला लस दिलेली आहे असे मालक सांगत असला, तरी चावलेल्या माणसाचे उपचार त्या भरवशावर टाळू नयेत.

संशयित कुत्रा मेला, तर पुरून टाकावा की नमुना पाठवावा?

नमुना पाठवावा. रेबीजचे खात्रीचे निदान मेंदूच्या तपासणीतूनच होते आणि त्यासाठी फ्लुरोसंट अँटिबॉडी चाचणी प्रमाण मानली जाते. मेंदूसाठी कवटी फोडण्याची गरज नाही. डोके मानेपासून वेगळे केल्यावर कवटीच्या मागच्या छिद्रातून जाडसर प्लॅस्टिकची नळी डोळ्याच्या दिशेने सरकवली, की मेंदूच्या खोडाचा आणि लहान मेंदूचा भाग तिच्यात येतो. जाड हातमोजे, मुखपट्टी, चष्मा आणि आधी घेतलेली लस यांशिवाय हे काम कोणीही करू नये. नमुना तीन आवरणांत, बर्फात पाठवावा. फॉर्मालिनमध्ये घालू नये. पाठवण्यापूर्वी फोन करावा. पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन विभागाचा रोग अन्वेषण विभाग आहे. उरलेले शव खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे.

नमुनेच जात नसल्यामुळे आपल्या बहुतेक तालुक्यांत ‘रेबीजची नोंद शून्य’ असते. ही शून्ये पाहून निधी मागणे अवघड होते.

पथकातील कोणकोणत्या माणसांनी स्वतः आगाऊ लस घ्यावी?

डॉक्टर, पर्यवेक्षक, परिचर, वाहनचालक आणि जाळे धरणारा कंत्राटी कामगार या सर्वांनी. ही यादी सहसा डॉक्टरांपाशीच संपते, हे वाईट आहे. सर्वांत जास्त चावे बसतात ते जाळे धरणाऱ्याला. आगाऊ लसीचे डोस ०, ७ आणि २१ किंवा २८ या दिवशी घेतले जातात. त्यानंतर कधी कुत्रा चावला, तर ० आणि ३ या दिवशी फक्त दोन डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिनची (तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनची) गरज पडत नाही. सतत संपर्कात असणाऱ्यांनी रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण तपासून घ्यावे. ते दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककांच्या खाली गेले, तर वाढीव डोस घ्यावा.

चावलेली माणसे आधी पशुवैद्यकाकडेच येतात. त्यांना काय सांगावे?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायला लावावी, शक्य तर दवाखान्याच्या नळावर आपल्या समोरच. मिरची, हळद, चुना, तेल, कात यांपैकी काहीही लावलेले असेल, तर ते धुऊन काढावे. जंतुनाशक लावावे, घट्ट पट्टी बांधू नये आणि टाके घालण्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा. कातडी फाटून रक्त आले असेल किंवा ओठ, डोळा, जखम यांना लाळ लागली असेल, तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही लागते, हे रुग्णाच्या हातात चिठ्ठीवर लिहून द्यावे. लहान केंद्रात ते नसेल, तर जिल्हा रुग्णालयात जावे लागते आणि माहिती नसलेला माणूस नुसत्या लसीवर परत येतो.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने अजूनही काही वयस्कर मंडळी टाळाटाळ करतात. ती जुनी लस भारतात २००४ मध्येच बंद झाली. आताची लस दंडात किंवा कातडीत चार-पाच भेटींत दिली जाते आणि सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते.

शाळेत जाऊन बोलण्याचा काही उपयोग होतो का?

होतो, पण तासभर व्याख्यान देऊन नाही. मुलांकडून तीन गोष्टी करून घ्याव्यात : कुत्रा अंगावर आला तर झाडासारखे स्तब्ध उभे राहणे, पडलो तर गुडघे पोटाशी घेऊन कानांवर हात ठेवणे, आणि ओरखडा जरी उठला तरी घरी लगेच सांगणे. तिसरी सर्वांत अवघड, कारण मार मिळेल या भीतीने मुले चावा लपवतात. म्हणून पालकसभेत हाच मुद्दा वेगळा मांडावा.

आरोग्य केंद्र आणि पशुवैद्यकीय दवाखाना यांच्यात माहितीची देवाणघेवाण कशी करावी?

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. श्वानदंशाच्या नोंदवहीत ‘कुत्रा कोणाचा, कुठला, आता कुठे आहे’ असे तीन रकाने वाढवावेत आणि त्या नोंदी रोज संध्याकाळी पशुधन विकास अधिकाऱ्याच्या फोनवर पाठवाव्यात. एकाच कुत्र्याने दोघांना चावल्याचे दिसले, तर त्याच रात्री पथक निघावे. उलट बाजूने, पशुवैद्यकाने संशयित जनावर पाहिले की त्याच्या संपर्कातील माणसांची यादी आरोग्य केंद्राला द्यावी. संशयित किंवा सिद्ध रेबीज आढळलेल्या ठिकाणाभोवतीच्या वस्त्यांत त्या आठवड्यातच लसीकरणाची फेरी काढावी. वार्षिक मोहिमेची तारीख येईपर्यंत थांबू नये. रेबीज हा प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या अधिनियमाखाली कळवण्याजोगा रोग आहे, त्यामुळे ही वर्दी देणे पशुवैद्यकाला आणि पशुपालकालाही बंधनकारक आहे.